चार्ल्स ईम्स: प्लायवूड समजून घेतलेला माणूस

पॅरामेट्रिक डिझाइन म्हटलं की आपल्याला थेट सॉफ्टवेअर आठवतं. पण प्लायवूडच्या बाबतीत खरी मेहनत कॉम्प्युटर येण्याआधीच झाली होती. ती करणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे चार्ल्स ईम्स.

त्यांचा जन्म १७ जून १९०७ रोजी अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात झाला. आर्किटेक्चरचं शिक्षण अर्धवट राहिलं. १९४०-४१ मध्ये एरो सारिनेनसोबत त्यांनी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टची फर्निचर स्पर्धा जिंकली. खुर्चीची पाठ आणि बैठक एकाच वाकवलेल्या प्लायवूडची होती. पण ती कारखान्यात स्वस्तात बनेना.

का? प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर, रेषा आडव्या-उभ्या ठेवून चिकटवलेले. एका दिशेने ते वळतं, पण दोन्ही दिशांनी वळवलं की तडकतं. वाटीवर कागद बसवून बघा, सुरकुत्या पडतातच.

१९४१ मध्ये त्यांनी चित्रकार रे कैसर यांच्याशी लग्न केलं. दोघांनी लॉस एंजेलिसच्या फ्लॅटमध्येच प्लाय वाकवायचं यंत्र बनवलं, दाब द्यायला सायकलचा पंप! युद्धात अमेरिकन नौदलासाठी त्यांनी जखमी पायाला बांधायचे प्लायवूडचे स्प्लिंट बनवले, सुमारे दीड लाख. त्यातल्या फटी आणि भोकांमुळे ताण मोकळा होतो आणि पट्टीही ओवता येते.

पुढच्या खुर्चीत त्यांनी पाठ आणि बैठक वेगळी केली. अवघड आकाराचे सोपे तुकडे पाडले की प्रश्न सुटतो. आपण कोडमध्ये फंक्शन वेगळं काढतो, तसंच हे. १९५० च्या सुमारास आलेलं त्यांचं स्टोरेज युनिटही ठरावीक भागांच्या जोडणीचंच होतं.

सध्या इंदिरानगरमधल्या एका ओळखीच्या दुकानासाठी मी प्लायच्या पट्ट्यांचं डिस्प्ले युनिट डिझाइन करतोय. भिंतीची लांबी बदलली की सगळ्या पट्ट्या आपोआप बदलतात. पण खाचेची रुंदी प्लायच्या जाडीवर ठरते, आणि १८ एमएम म्हणून आलेली शीट नेमकी १८ भरेलच असं नाही. म्हणून जाडी हा पहिला पॅरामीटर. आधी व्हर्निअरने मोजायचं, मगच आठ बाय चारच्या शीटवर कटिंग बसवायचं. नाहीतर महागाची शीट भंगारात.

१९५८ मध्ये ईम्स दांपत्याने भारत सरकारसाठी अहवाल लिहिला. त्यात साध्या लोट्याचं डिझाइन म्हणून कौतुक आहे. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी सुरू झाली.

चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ रोजी गेले, रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला. कामाचं श्रेय अनेक वर्षं एकट्या चार्ल्स यांनाच मिळत राहिलं. खरं तर ते दोघांचं आहे.

सॉफ्टवेअर आकार काढून देतं. तो आकार प्लायला झेपेल का, हे मात्र हातात शीट घेऊनच कळतं.