काळ्या बाहुलीतला उजेड

माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी का दिसते? आपल्यापैकी कितीजणांना हा प्रश्न पडला असेल? हर्मन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांना तो विद्यार्थ्यांसाठी व्याख्यानाची तयारी करताना पडला.

१८२१ साली बर्लिनजवळच्या पोट्सडॅमला एका शिक्षकाच्या घरी हा मुलगा जन्मला. ओढ पदार्थविज्ञानाची, पण घरची परिस्थिती बेताची. वैद्यकी मात्र सरकारी खर्चाने शिकता येई. बदल्यात काही वर्षे लष्करात डॉक्टर म्हणून राबायचे. बँकेत असताना मुलांच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला आलेले बाप मी पुष्कळ पाहिले. आवडीचा विषय आणि परवडणारा विषय यांत बहुधा कोण जिंकतो, ते मला ठाऊक आहे. हेल्महोल्ट्झही डॉक्टर झाले. मात्र पदार्थविज्ञान सुटले नाही. लष्करात असतानाच, १८४७ मध्ये, ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचा त्यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला.

पुढे ते क्योनिग्सबर्गला प्राध्यापक झाले. बाहुलीचे कोडे तिथे, १८५० च्या अखेरीस सुटले. आत गेलेला उजेड आल्या वाटेनेच दिव्याकडे परततो. तो पकडायला आपण डोळा पुढे न्यावा, तर आपलेच डोके दिव्याच्या आड येते! मग त्यांनी काच तिरपी धरली. दिव्याचा थोडा उजेड तिच्यावरून परावर्तित होऊन रोग्याच्या डोळ्यात जाई आणि परतणाऱ्यातला थोडा आरपार येऊन पाहणाऱ्याला मिळे. साहित्य काय, तर पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या पातळ काचा. आठेक दिवसांत जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा स्पष्ट दिसला.

इंग्लंडात चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्येच असे उपकरण केले होते. ते ज्या नेत्रवैद्याला दाखवले, त्याला त्याचे मोल कळले नाही, आणि ते मागे पडले. हेल्महोल्ट्झ यांनी आपले उपकरण १८५१ मध्ये प्रसिद्ध केले, आणि बर्लिनच्या ग्रेफे यांच्यासारख्या नेत्रवैद्यांनी ते लगेच उचलले. तोवर बाहेरून निरोगी दिसणारा डोळा आंधळा झाला, तर रोग्याला दिसत नसे आणि डॉक्टरलाही काही दिसत नसे.

१८९४ साली हेल्महोल्ट्झ वारले. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या मिरजेत डॉ. वानलेस यांचे इस्पितळ उघडले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांसाठी पुढे त्याची ख्याती झाली.

आता मुठीत मावणाऱ्या दांड्यात बॅटरी असते, टोकाला इवलासा दिवा. काही यंत्रे तर पडद्याचा फोटोच काढतात. नाशिकचे रमेश रासकर यांनी अमेरिकेत एमआयटीत सहकाऱ्यांसह २०१० मध्ये मोबाईलला जोडून चष्म्याचा नंबर काढण्याची युक्ती मांडली. मधुमेही माणसाच्या पडद्यावरचा रक्ताचा बारीक ठिपका नजर अधू होण्याआधी सापडतो, तो अशा उपकरणांमुळेच. माझ्यासारख्या मधुमेह्यांनी वर्षातून एकदा तरी पडदा तपासून घ्यावा. थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास पेपर वाचता येत नाही, एवढाच त्रास.