जगदीशचंद्रांचे विस्मृत पेटंट

जगदीशचंद्र बोस यांचे नाव निघाले की वनस्पतींच्या संवेदनांवरील त्यांचे प्रयोग आठवतात आणि पाठोपाठ ज्ञान विकण्यास नकार देणाऱ्या ऋषितुल्य शास्त्रज्ञाची प्रतिमा डोळ्यांपुढे उभी राहते. ही प्रतिमा खोटी नाही; मात्र ती अपुरी आहे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयात ७,५५,८४० या क्रमांकाखाली जगदीशचंद्रांच्या नावे एक पेटंट नोंदलेले आहे, आणि अर्धवाहक पदार्थावर आधारलेल्या साधनांच्या जगातील अगदी आरंभीच्या पेटंटांत त्याची गणना होते. पेटंट नाकारणाऱ्याच्याच नावे पेटंट असावे, या विसंगतीत ज्ञान, मालकी आणि उद्योग यांच्या परस्परसंबंधाचा एक महत्त्वाचा धडा दडलेला आहे.

३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालमधील मैमनसिंग येथे त्यांचा जन्म झाला. वडील भगवानचंद्र सरकारी अधिकारी असूनही त्यांनी मुलाला प्रथम बंगाली शाळेतच घातले. पुढे केंब्रिजचे शिक्षण संपवून जगदीशचंद्र कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवू लागले. तेथे भारतीय प्राध्यापकाला युरोपीय सहकाऱ्याच्या दोन-तृतीयांश वेतन मिळे. नेमणूक हंगामी म्हणून त्यांच्या वाट्याला त्याच्याही निम्मेच आले. त्यांनी तीन वर्षे वेतन स्वीकारले नाही, मात्र अध्यापनात खंड पडू दिला नाही. अखेर सरकारला पूर्ण वेतन मागील थकबाकीसह द्यावे लागले. ही घटना ध्यानात ठेवली पाहिजे. जगदीशचंद्र पैशाविषयी उदासीन नव्हते. श्रमाचे मोल हा त्यांना आपला हक्क वाटे. ज्ञानावरील मालकी मात्र तशी वाटत नसे.

१८९४च्या सुमारास त्यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरींचे संशोधन हाती घेतले. पुरेशी प्रयोगशाळा नव्हती. पत्र्याचे काम करणाऱ्या एका निरक्षर कारागिराला शिकवून त्यांनी उपकरणे घडवून घेतली. त्यांनी निर्माण केलेल्या लहरींची लांबी अवघी काही मिलिमीटर होती. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये अशा अदृश्य लहरींनी दूरवरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून त्यांनी उपस्थितांना थक्क केले.

तथापि खरी अडचण लहरी निर्माण करण्याची नव्हती. त्या ओळखण्याची होती. धातूचा कीस भरलेली काचेची नळी हे त्या काळचे प्रचलित साधन प्रत्येक संकेतानंतर टिचकी मारून पूर्ववत करावे लागे. जगदीशचंद्रांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाचा स्फटिक आणि त्यावर टेकलेले धातूचे टोक यांचा उपयोग केला. लहर येताच संपर्कबिंदूतून जाणारा विद्युत्‌प्रवाह बदले, आणि लहर थांबताच तो आपोआप पूर्वस्थितीत येई. हेच साधन प्रकाशालाही प्रतिसाद देई. आजच्या संवेदकांचे हे पूर्वजच होय.

मे १९०१ मध्ये लंडनला एका तारायंत्र कंपनीचा मालक पेटंटाचा प्रस्ताव घेऊन त्यांच्याकडे आला. जगदीशचंद्रांनी नकार दिला आणि हा प्रसंग रवींद्रनाथ टागोरांना कळवला. परंतु भगिनी निवेदिता आणि सारा बुल या अमेरिकन स्नेही यांच्या आग्रहामुळे ३० सप्टेंबर १९०१ रोजी अमेरिकेत अर्ज दाखल झाला. २९ मार्च १९०४ रोजी पेटंट मंजूर झाले. त्यातील अर्धा वाटा सारा बुल यांच्या नावे होता. जगदीशचंद्रांनी त्याचा व्यापारी उपयोग कधीच केला नाही. १९०६ मध्ये पिकार्ड या अमेरिकन अभियंत्याने सिलिकॉनच्या शोधकाचे पेटंट घेतले. आणि १९२०च्या दशकात गॅलेनाच्या स्फटिकावर चालणारे रेडिओ पाश्चात्त्य देशांत घरोघर पोहोचले.

येथे दोन सोपे निष्कर्ष टाळले पाहिजेत. पेटंट नाकारले म्हणजे ज्ञान समाजाचे झाले, हा पहिला. जे सर्वांना खुले असते, त्याचा लाभ प्रत्यक्षात भांडवल, कारखाने आणि ग्राहक ज्यांच्यापाशी असतात त्यांनाच प्रथम मिळतो. पेटंट वापरले असते तर देश संपन्न झाला असता, हा दुसरा. पेटंट हा मुळात एक करार आहे: शोधकाने आपले रहस्य जाहीर करायचे आणि समाजाने त्याला ठरावीक मुदतीची मक्तेदारी द्यायची. परतंत्र कलकत्त्यात अशी साधने बनवणारा उद्योगच नव्हता. तेव्हा ती मक्तेदारी फार तर एखाद्या परदेशी कंपनीला भाड्याने देता आली असती. उणीव होती ती शोधाला उत्पादनाशी जोडणाऱ्या व्यवस्थेची.

जगदीशचंद्रांनी आपल्या परीने एक व्यवस्था उभारलीच. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी त्यांनी कलकत्त्यात स्वतःची संशोधनसंस्था स्थापिली आणि तेथील शोधांवर पेटंट न घेण्याचे धोरण जाहीर केले. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले. ट्रान्झिस्टरच्या जनकांपैकी एक असलेल्या वॉल्टर ब्रॅटन यांनी १९५०च्या दशकात, रेडिओलहरी ओळखण्यासाठी अर्धवाहक स्फटिक प्रथम वापरण्याचे श्रेय त्यांना दिले.

आज बेंगळुरू-पुण्यात बसून आपले अभियंते परदेशी कंपन्यांसाठी चिपची रचना करतात. त्यातून निघणाऱ्या पेटंटांची मालकी सामान्यतः त्या कंपन्यांकडे जाते. दुसरीकडे शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीत पेटंटांची संख्या मोजली जाऊ लागल्याने महाविद्यालयांत अर्जांची चढाओढ सुरू झाली आहे. संख्या वाढेल, प्रमाणपत्रे भिंतीवर लागतील. पण त्यांतील किती शोध एखाद्या कारखान्याच्या दारापर्यंत पोहोचले, हे कोणी विचारणार की नाही? कागदावरचा हक्क स्वतःहून फळ देत नाही, हे ७,५५,८४० क्रमांकाच्या पेटंटाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वीच दाखवून दिले आहे. तेव्हा आपण स्वतंत्र नव्हतो. आज ती सबब उरलेली नाही.