आनंदीबाईंचे प्रयाण

सन १८८३ च्या एप्रिल महिन्याची सातवी तारीख होती. वार शनिवार, पंचांगाप्रमाणे फाल्गुन महिन्याची अमावास्या. दुसऱ्या दिवशी गुढीपाडवा. महाराष्ट्रात घरोघरी नव्या वर्षाच्या स्वागताची तयारी चालू असावयाची, त्याच दिवशी दूर बंगालमध्ये, कलकत्त्याच्या बंदरात, ‘सिटी ऑफ कलकत्ता’ नावाच्या आगबोटीवर एक महाराष्ट्रीय तरुणी चढली. तिला अठरा वर्षे पुरी होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. ती अमेरिकेस निघाली होती, आणि घरचे एकही माणूस तिच्याबरोबर नव्हते. या तरुणीचे नाव आनंदीबाई गोपाळराव जोशी.

त्या काळी समुद्र ओलांडणे हे पाप मानले जाई. परदेशी जाऊन आलेल्या पुरुषालादेखील प्रायश्चित्त घेतल्यावाचून जातीत घेत नसत. मग स्त्रीने, आणि तेही एकटीने, सातासमुद्रांपलीकडे जावे, ही कल्पनाच कोणाला सहन होणारी नव्हती. असे असता आनंदीबाईंनी हे धाडस का केले? हे समजण्यासाठी त्यांच्या बालपणाकडे वळले पाहिजे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे त्यांचे नाव यमुना. वयाच्या नवव्या वर्षी, सन १८७४ मध्ये, गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते आणि टपाल खात्यात नोकरीस होते. स्त्रियांनी शिकलेच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. पत्नीला शिकवू द्यावे, ही अट त्यांनी लग्नाआधीच घातली होती. स्वभावाने ते हट्टी होते आणि त्यांची शिस्त फार कठोर होती. लहानग्या आनंदीला त्या शिस्तीपायी पुष्कळ सोसावे लागले. परंतु त्याच शिस्तीतून अक्षरांची गोडीही लागली, आणि पुढे ती गोडी तिची स्वतःची झाली.

आनंदीबाई चौदाव्या वर्षी आई झाल्या. मुलगा झाला, पण तो अवघे दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय मदत मिळती, तर आपले बाळ वाचले असते, हा विचार त्या मातेच्या मनातून कधीच गेला नाही. त्या काळी स्त्रिया परपुरुषासमोर येत नसत, मग डॉक्टरला दुखणे सांगणे तर दूरच राहिले. किती तरी स्त्रिया आणि मुले केवळ या संकोचामुळे उपचारावाचून दगावत. स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळाली पाहिजे आणि ती आपणच व्हावे, असा निश्चय आनंदीबाईंच्या मनात हळूहळू रुजत गेला.

गोपाळरावांची बदली जेथे होई तेथे आनंदीबाईंचे शिक्षण चालू राही. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज अशी गावे त्यांनी पाहिली. पत्नीला अमेरिकेत शिकविण्याच्या हेतूने गोपाळरावांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. त्याने धर्मांतराचा सल्ला दिला. तो दोघांनाही मान्य नव्हता. मात्र हा पत्रव्यवहार अमेरिकेतील एका मासिकात छापला गेला. न्यू जर्सी प्रांतातील रोझेल गावी राहणाऱ्या श्रीमती कार्पेंटर यांच्या तो वाचनात आला. एका अनोळखी हिंदू मुलीची शिकण्याची ही तळमळ पाहून त्यांचे अंतःकरण द्रवले. सन १८८० मध्ये त्यांनी आनंदीबाईंना पत्र पाठविले आणि आपल्या घरी येऊन राहण्याचे निमंत्रण दिले. आनंदीबाई त्यांना मावशी मानू लागल्या. एकमेकींना न पाहताच दोघींमध्ये जिव्हाळ्याचे नाते निर्माण झाले.

पुढे गोपाळरावांची बदली प्रथम कलकत्त्यास व नंतर श्रीरामपूरला झाली. हे श्रीरामपूर आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील नव्हे. ते कलकत्त्याच्या उत्तरेस, हुगळीच्या पश्चिम तीरावर वसलेले आहे. मराठी भाषेशी या गावाचा जुना ऋणानुबंध आहे. विल्यम केरी यांनी सन १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण याच गावी छापले. नागपूरकर भोसल्यांची वंशावळही येथील छापखान्यातून मराठीत प्रसिद्ध झाली. नागपुरात महाल आणि सक्करदरा या भागांत ज्या घराण्याच्या खुणा आजही पाहावयास मिळतात, तेच हे घराणे.

अमेरिकेस जाण्याचा बेत पक्का होताच सर्वत्र टीकेचा भडिमार सुरू झाला. दोघांनी मिळून जाणे काही जमेना. तेव्हा आनंदीबाईंनी एकटीनेच जावे असे ठरले. यावर तर लोकांचा रोष अधिकच वाढला. अखेर २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या महाविद्यालयात आनंदीबाई सभेपुढे उभ्या राहिल्या आणि त्यांनी इंग्रजीत भाषण केले. लोक आपल्याला जे प्रश्न विचारतात, ते त्यांनी स्वतःच एकामागून एक मांडले आणि प्रत्येकाचे शांतपणे उत्तर दिले. अमेरिकेसच का जावे? हिंदुस्थानात शिक्षणाची सोय का होत नाही? एकटीनेच का जावे? परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय? दूरदेशी संकट ओढवले तर काय? आजवर कोणा स्त्रीने केले नाही ते आपणच का करावे? बहिष्काराचे भय त्यांना वाटत नव्हते. परदेशातही आपला आहार आणि पोशाख बदलणार नाही, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. या भाषणाचा मोठा प्रभाव पडला. कालपर्यंत नावे ठेवणाऱ्यांपैकी काही जण आता मदत करू लागले. खुद्द व्हाइसरॉयांनीही वर्गणी पाठविली.

भाषणानंतर सहा आठवड्यांनी प्रयाणाचा दिवस उगवला. शनिवारी, त्यात अमावास्येस, दूरच्या प्रवासाला निघणे जुन्या समजुतीप्रमाणे कोणी पसंत केले नसते. परंतु जहाजे पंचांगातील मुहूर्त पाहून सुटत नाहीत. ती भरती पाहून सुटतात. कलकत्ता हे मुंबईसारखे समुद्रकाठचे बंदर नाही. ते समुद्रापासून शंभर किलोमीटरहून अधिक आत, नदीच्या तीरावर आहे. हुगळीच्या पात्रात गाळाचे दांडे साचतात आणि त्यांची जागाही बदलत राहते. म्हणून मोठी जहाजे भरतीचे पाणी साधून जा-ये करतात. त्यांना वाट दाखविण्यासाठी नदीची नस अन् नस ओळखणारा वाटाड्या जहाजावर घ्यावा लागतो. अमावास्या-पौर्णिमेस भरतीला उधाण येते, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

अमेरिकेकडे निघालेल्या काही मिशनरी स्त्रियांची सोबत आनंदीबाईंना मिळाली होती. ती सोबत प्रवासापुरती होती. त्यांत आपल्या भाषेचे, आपल्या घरातले कोणी नव्हते. ज्यांनी मुळाक्षरे शिकविली, ज्यांचा धाक वाटला आणि ज्यांचा आधारही वाटला, ते गोपाळराव मागे राहिले. माहेर तर शेकडो कोस दूर होते. जहाजाचा जिना चढणे हे काही क्षणांचे काम. पण त्या काही पायऱ्यांमागे दहा दिवसांच्या बाळाचा वियोग होता, लोकांचा उपहास होता, आणि भर सभेत दिलेला शब्दही होता. आता परत फिरावयाचे म्हटले, तर तो शब्द खोटा ठरणार होता.

नांगर उचलला गेला की, जहाज नदीच्या प्रवाहातून दक्षिणेकडे जाऊ लागते. पश्चिम तीरावर शिबपूरची जुनी वनस्पतिबाग लागते. ती सन १७८७ मध्ये स्थापन झाली, आणि तिच्यातील प्रचंड वटवृक्ष सर्वत्र प्रसिद्ध आहे. पुढे दामोदर आणि रूपनारायण या नद्या हुगळीस येऊन मिळतात. तेथील वाळूच्या दांड्यावर सन १६९४ मध्ये एक इंग्रज जहाज फुटले, आणि त्या जहाजाचेच नाव या दांड्याला पडले. ही जागा मागे टाकीपर्यंत वाटाड्याला क्षणाचीही उसंत नसे. त्यापुढे डायमंड हार्बर येते, पात्र रुंद रुंद होत जाते, आणि सरतेशेवटी सागर बेट दिसू लागते. भगीरथाने आणलेली गंगा येथे समुद्राला मिळाली, अशी श्रद्धा आहे. मकरसंक्रांतीला लक्षावधी यात्रेकरू येथे स्नानास येतात आणि माघारी फिरतात. भाविकांची वाट येथे संपत असे. आनंदीबाईंची वाट मात्र येथून पुढे सुरू झाली.

जवळजवळ दोन महिने हा प्रवास चालला होता. आनंदीबाई शाकाहारी. जहाजावरील जेवणात त्यांना चालेल असे फारच थोडे असे. तरी दिलेला शब्द त्यांनी मोडला नाही. सोबतच्या स्त्रियांनी धर्मांतराचा विषय काढला, तरीही त्यांचे मन ढळले नाही. ४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्क बंदरात उतरल्या. तेथे कार्पेंटरबाई त्यांची वाट पाहत होत्या. पत्रांतून भेटलेली मावशी प्रत्यक्ष भेटली.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदीबाईंना प्रवेश मिळाला. ही संस्था सन १८५० मध्ये स्थापन झाली होती. महाविद्यालयाच्या प्रमुख रेचल बॉडले यांनी त्यांना मायेने वागविले आणि शिष्यवृत्तीही मिळाली. परंतु तेथील कडाक्याची थंडी आणि अपुरा आहार त्यांच्या मूळच्या नाजूक प्रकृतीस मानवला नाही. थंडीत पाय झाकले जावेत म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. पण साडी सोडून परकी वस्त्रे काही त्यांनी चढविली नाहीत. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम. डी. ही पदवी मिळाली. पदवीसाठी लिहिलेल्या प्रबंधात त्यांनी प्राचीन हिंदू वैद्यकातील प्रसूतिशास्त्राचा अभ्यास मांडला होता. पदवीदान समारंभास गोपाळराव आणि पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या हिंदू स्त्री होत.

कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली. ज्या कामासाठी त्यांनी समुद्र ओलांडला होता, ते काम आता समोर दिसत होते. परंतु क्षयरोगाने त्यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८८६ मध्ये त्या मायदेशी परतल्या, त्या अत्यंत आजारी अवस्थेत. कोल्हापूरच्या रुग्णालयात एकाही रुग्णाची नाडी त्यांना पाहता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचा अंत झाला. त्या वेळी बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी अमेरिकेत कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या. न्यूयॉर्क प्रांतातील पोकीप्सी गावी, त्या कुटुंबाच्या दफनभूमीत, त्यांचे स्मारक उभे आहे.

मग आनंदीबाईंचे सारे कष्ट व्यर्थ गेले काय? हिशेबच करावयाचा, तर त्यांच्या हातून किती रोगी बरे झाले, या प्रश्नाचे उत्तर फार लहान येईल. परंतु वाट पाडणाऱ्याचे मोल त्या वाटेने किती जण गेले, यावरून ठरते. आनंदीबाईंना पदवी मिळाली त्याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली डॉक्टर झाल्या. पुढे सन १८९४ मध्ये मुंबईच्या रखमाबाई विलायतेतून डॉक्टर होऊन आल्या, आणि त्यांनी सुरत व राजकोट येथे स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाईंचे मराठी चरित्र लिहिले, आणि त्यांचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले. आज आपल्या देशात हजारो मुली वैद्यकीय महाविद्यालयांत शिकतात. त्यांना कोणी बहिष्काराचे भय घालीत नाही, कोणी रस्त्यात अडवून उपहास करीत नाही.

हुगळीच्या तीरावर त्या अमावास्येच्या दिवशी बोटीवर चढताना आनंदीबाईंना यांपैकी काहीही दिसत नव्हते. समोर केवळ गढूळ पाणी आणि त्यापलीकडचा अनोळखी समुद्र होता. यशाची खात्री असती, तर कोणीही निघाले असते. खात्री नसताना, एकटीने, दिलेल्या शब्दासाठी त्या निघाल्या. त्यांचे थोरपण त्या पहिल्या पावलात आहे.