अल्बर्ट मायकेल्सन : ताऱ्याची रुंदी मोजणारे शास्त्रज्ञ

हिवाळ्यात मृग नक्षत्रातला तांबूस तारा बघितलाय ना? तो काक्षी. शंभर वर्षांपूर्वी मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो नुसता ठिपकाच होता. त्या ठिपक्याची रुंदी मोजायची युक्ती मायकेल्सन यांची.

त्यांचा जन्म १९ डिसेंबर १८५२ रोजी प्रशियातील स्ट्रेल्नो गावी झाला. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. लहानपणीच कुटुंब अमेरिकेला गेलं. वडील खाणकामगारांच्या वस्तीत दुकान चालवायचे. १८६९ मध्ये नौदल अकादमीत जागा मिळेना, तर हा पोरगा थेट वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना भेटला आणि प्रवेश मिळवून आला!

१८८१ मध्ये त्यांनी इंटरफेरोमीटर बनवला. एकाच प्रकाशाचे दोन भाग करून ते पुन्हा एकत्र आणले की काळे-उजळे पट्टे दिसतात, हे त्याचं तत्त्व. १८८७ मध्ये मोर्ली यांच्यासोबत त्यांनी ईथर शोधला. तो काही सापडला नाही. जग या प्रयोगाला महान म्हणतं, पण मायकेल्सन मात्र निराशच राहिले. १९०७ साली त्यांना नोबेल मिळालं.

ताऱ्यांची गोष्ट वेगळीच. दोन आरसे दूर-दूर ठेवून एकाच ताऱ्याचा प्रकाश एकत्र आणायचा. अंतर वाढवत नेलं की एका ठिकाणी पट्टे नाहीसे होतात. त्या अंतरावरून ताऱ्याची रुंदी काढता येते. ही कल्पना त्यांनी १८९० मध्येच मांडली होती, पण ताऱ्यावर ती सिद्ध व्हायला तीस वर्षं लागली. १३ डिसेंबर १९२० च्या रात्री माउंट विल्सनवर, २० फुटी तुळई बसवलेल्या १०० इंची दुर्बिणीवर, सहकारी पीज यांना काक्षीचे पट्टे गेलेले दिसले. तेव्हा आरशांमध्ये अंतर होतं सुमारे १० फूट. रुंदी आली ०.०४७ विकला, म्हणजे एका अंशाच्या पाऊण लाखाव्या भागाएवढी!

९ मे १९३१ रोजी पॅसाडेना येथे मायकेल्सन वारले.

पुढे १९८८ च्या सुमारास त्याच डोंगरावर चार्ल्स टाउन्स यांनी ट्रेलरवर बसवलेल्या दुर्बिणींनी हेच तत्त्व अवरक्त प्रकाशासाठी वापरलं. अवरक्तच का? ताऱ्याभोवतीची धूळ तापते आणि अवरक्त किरण सोडते, म्हणून. त्यातून कळलं की काही ताऱ्यांची धूळ त्यांना अगदी लगटून असते, पण काक्षीची धूळ मात्र त्याच्यापासून बरीच लांब आहे.