व्हिन्सेंट बॅरी

व्हिन्सेंट क्रिस्टोफर बॅरी (१९०८–१९७५) हे आयरिश रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या नेतृत्वाखालील संशोधकांनी डब्लिन येथे क्लोफाझिमिन हे कुष्ठरोगावरील औषध तयार केले. क्षयरोगासाठी शोधलेले, त्यात अपयशी ठरलेले आणि पुढे कुष्ठरोग्यांना वरदान ठरलेले औषध म्हणून त्याचा इतिहास लक्षणीय आहे.

शिक्षण व आरंभीचे कार्य

बॅरी यांचा जन्म आयर्लंडमधील कॉर्क या शहरात झाला. डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातून त्यांनी रसायनशास्त्राची पदवी घेतली. त्यानंतर गॉलवे येथे थॉमस डिलन यांच्यासमवेत त्यांनी समुद्री शैवलांतील शर्करायुक्त पदार्थांचा अभ्यास केला. अशा मोठ्या रेणूंचे क्रमाक्रमाने विघटन करण्याची एक पद्धत आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

क्षयरोगाकडून कुष्ठरोगाकडे

त्या काळी आयर्लंडमध्ये क्षयाने फार मोठी मनुष्यहानी होत होती. बॅरी यांनी त्यावरील औषधाच्या शोधास वाहून घेतले. शैवाकात, म्हणजे दगडफुलाच्या वर्गातील सजीवात, आढळणाऱ्या डिप्लॉइसिन या द्रव्यापासून त्यांनी आरंभ केला. त्याच्याशी साम्य असलेली अनेक संयुगे तयार करताना फेनाझिन वर्गातील तांबडी रंगद्रव्ये हाती आली. ट्रिनिटी कॉलेजातील आयरिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या प्रयोगशाळेत १९५४ साली त्यांतील एक सिद्ध झाले. ते बी ६६३, म्हणजेच क्लोफाझिमिन. १९५७ साली 'नेचर' नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

उंदरांतील क्षयावर हे द्रव्य प्रभावी ठरले. गिनीपिग व माकडे यांच्यावरील प्रयोगांत मात्र निराशा झाली. तथापि ते शरीरातील भक्षक पेशींत साठते, हे ध्यानात आले होते. कुष्ठरोगाचे जंतू याच पेशींत वाढतात. १९६२ साली नायजेरियात स्टॅन्ली ब्राउन व हॉगरझील यांनी कुष्ठरुग्णांवरील उपचारांचे उत्साहवर्धक निष्कर्ष प्रसिद्ध केले.

औषधाचे गुणधर्म

क्लोफाझिमिन जंतूंच्या डीएनएशी संलग्न होऊन त्यांची वाढ रोखते. त्याची जंतुनाशक क्रिया संथ असली तरी ते दाहशामकही आहे. त्यामुळे सांसर्गिक कुष्ठरोगात अंगावर वेदनादायक गाठी उठवणाऱ्या प्रतिक्रियेतही ते उपयुक्त ठरते. ते अन्नाबरोबर घेतल्यास अधिक शोषले जाते. मेदात साठून राहत असल्याने शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७० दिवस लागतात.

त्वचेवर तांबूस-काळसर छटा येणे हा त्याचा प्रमुख दुष्परिणाम होय. औषध बंद केल्यावर ही छटा हळूहळू ओसरते. परंतु तिच्यामुळे आपला आजार इतरांस कळेल, या भयाने काही रुग्ण औषध घेण्याचे टाळतात. ज्या रोगात व्याधीइतकाच सामाजिक कलंकही जाचक असतो, तेथे ही अडचण किरकोळ नव्हे.

बहुविध औषधोपचार

कुष्ठरोगाचे जंतू डॅप्सोनला दाद देईनासे होतात, हे १९६४ साली सिद्ध झाले. त्यामुळे एकाच औषधावर विसंबणे धोक्याचे ठरले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ साली सांसर्गिक रुग्णांसाठी रिफॅम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन अशी संयुक्त योजना सुचवली. तीत प्रौढ रुग्णास क्लोफाझिमिन महिन्यातून एकदा देखरेखीखाली ३०० मिलिग्रॅम व एरवी दररोज ५० मिलिग्रॅम दिले जाते. भारतात १९८३ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमाद्वारे या पद्धतीचा प्रसार झाला.

सन्मान व वारसा

बॅरी हे १९७० ते १९७३ या काळात रॉयल आयरिश अकादमीचे अध्यक्ष होते. १९७५ साली त्यांचे निधन झाले. बहुविध औषधोपचाराचे यश पाहणे त्यांच्या वाट्यास आले नाही. १९८० साली युनेस्कोचा विज्ञान पुरस्कार त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना देण्यात आला. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या उपचारातही आता क्लोफाझिमिनचा समावेश होतो. ज्या रोगासाठी बॅरी यांनी ते शोधले होते, त्या रोगाच्या उपचारात ते अशा रीतीने परत आले आहे.