चिक चॉकलेट

आमच्या चिकोडीत मुलीच्या पाठवणीला बँडमधला क्लॅरिनेटवाला एकटाच उदास गाणे वाजवतो. त्याचे नाव कोणी विचारत नाही. तेव्हा मला अंतोनियो झेवियर वाझ आठवतात.

१९१६ साली गोव्यातील हळदोणे येथे ते जन्मले. चिक चॉकलेट या नावाने त्यांनी मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात ट्रंपेटवर जाझ गाजवले. पुढे सी. रामचंद्रांच्या चित्रपटसंगीतात त्यांनी पाश्चात्त्य वाद्यांचा रंग भरला. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा ताफा पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षी ‘नादान’ला त्यांनी स्वतः संगीत दिले. १९६७ साली ते वारले.

गाणी आजही ओठांवर आहेत. श्रेय मात्र आपण एकाच्याच खाती जमा करतो. पुढच्या वरातीत त्या क्लॅरिनेटवाल्याचे नाव मी जरूर विचारणार आहे.