हॅरी स्मिथ : जुन्या तबकड्यांचा जतनकर्ता

एकानें अडगळ म्हणून टाकलेली वस्तु जाणत्याच्या हातीं पडली म्हणजे तिचें सोनें होतें. अमेरिकेंतील हॅरी स्मिथ ह्यांचें चरित्र ह्या दृष्टीनें आमच्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं समजून घेण्यासारखें आहे.

स्मिथ ह्यांचा जन्म २९ मे १९२३ रोजीं पोर्टलंड शहरीं झाला. बालपण वॉशिंग्टन राज्यांत गेलें. शाळेंत असतांनाच ते लमी नांवाच्या आदिवासी लोकांत जाऊन त्यांचीं गाणीं ध्वनिमुद्रित करीत. पुढें त्यांना ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचा नाद लागला.

ह्या तबकड्या मिनिटास ७८ फेरे घेत व एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. त्यांत लागणारी लाख मुख्यतः आपल्या हिंदुस्थानांतून जाई. दुसऱ्या महायुद्धांत लाखेची टंचाई पडली, तेव्हां जुन्या तबकड्या गोळा करून त्यांचा माल पुनः वापरण्यांत येऊं लागला. लोकप्रिय गाण्यांच्या प्रती विपुल होत्या. परंतु डोंगराळ खेड्यांतील फिडलवादक किंवा शेतमजूर गवई ह्यांच्या तबकड्या थोड्याच खपलेल्या. त्या नाहींशा झाल्या म्हणजे तो आवाजच जगांतून नाहींसा व्हावयाचा! स्मिथ नेमक्या अशाच विलक्षण व दुर्मिळ तबकड्या शोधीत हिंडत.

न्यूयॉर्क येथें आल्यावर पैशाची अडचण पडली, म्हणून त्यांनीं आपला संग्रह फोकवेज कंपनीचे मोझेस ॲश ह्यांच्याकडे विकावयास नेला. त्यांतील निवडक गाण्यांचा एक संच तयार करावा, असें ॲश ह्यांनीं सुचविलें. त्याप्रमाणें १९५२ सालीं सहा दीर्घ तबकड्यांवर ८४ गाणीं प्रसिद्ध झालीं. तीं बहुतेक मूळ १९२७ ते १९३२ ह्या काळांतील होतीं. स्मिथ ह्यांनीं प्रत्येक गाण्यास क्रमांक दिला, मूळ तबकडीची माहिती नोंदविली व गाण्याचा सारांश लिहिला. कंपन्या काळ्या व गोऱ्या गायकांच्या तबकड्या वेगवेगळ्या याद्यांत विकीत; स्मिथ ह्यांनीं मात्र गायकाचा वर्ण कोठेंच सांगितला नाहीं.

ह्या संचांत मिसिसिपी राज्यांतील जॉन हर्ट ह्यांचीं दोन गाणीं होतीं. १९२८ सालच्या त्यांच्या तबकड्या फारशा खपल्या नाहींत, म्हणून ते शेतावर मजुरी करीत राहिले होते. त्यांच्या दुसऱ्या एका जुन्या तबकडींतील गांवाच्या नांवावरून १९६३ सालीं चाहत्यांनीं त्यांना शोधून काढलें, आणि सत्तरीच्या घरांतील त्या वृद्धानें हजारों श्रोत्यांसमोर गायन केलें.

स्मिथ न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पडलेलीं कागदी विमानेंहि उचलून आणीत व कित्येकांवर स्थळ व तारीख लिहून ठेवीत! त्यांच्या अव्यवस्थित व कर्जबाजारी राहणीचें अनुकरण कोणी करूं नये. पण वस्तूंविषयींची त्यांची आस्था घेण्यासारखी खास आहे. १९९१ सालीं त्यांना ग्रॅमी संस्थेचा सन्मान मिळाला व त्याच वर्षीं २७ नोव्हेंबर रोजीं त्यांचें निधन झालें.

नुसते ढीग करणें म्हणजे संग्रह नव्हे. वस्तु कोठून आली, कोणाची, केव्हांची, हें लिहून ठेवलें व ती इतरांस दाखविली, तरच संग्रह सार्थकीं लागतो. विद्यार्थ्यांनीं तिकिटें वा काडेपेट्यांचीं चित्रें जमवितांना एक वही जवळ बाळगावी. आणि पालकांनीं मुलाची पेटी रिकामी करण्यापूर्वीं ती वही एकदां वाचून पहावी, इतकीच आमची विनंति आहे.